निंदणी, छाननी की मूल्यांकन?

प्रश्न असा आहे: 'आमच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकीय फायलींपैकी काय जपायचं आणि काय काढून टाकायचं, हे ठरवायला सॉफ्टवेअर घेणार आहेत. टिपणीत "इ-अभिलेखांचे स्वयंचलित मूल्यांकन" असं लिहिलंय. शब्द बरोबर आहे का?'

'मूल्यांकन' चूक नाही. फक्त वाचणाऱ्याला आधी फ्लॅटची किंमत नाहीतर वर्षाअखेरचा गोपनीय अहवाल आठवतो. मला जास्त खटकलं ते 'स्वयंचलित'.

आपल्या सरकारी कचेऱ्यांत या कामाच्या आसपासचा एक झकास शब्द आधीपासून आहे, निंदणी. थेट शेतातून आलेला. अभिलेख कक्षात त्याचं 'निंदणीकरण' झालंय. पेरणीचं पेरणीकरण कुणी करत नाही, मग इथेच 'करण' कशाला चिकटवलं कोण जाणे! 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' 30 वर्षं, 'क' 10, 'क-1' 5 आणि 'ड' एक वर्ष. मुदत सरली की उपटायचे.

पण निंदायला बसलेल्या बाईला पीक कुठलं आणि तण कुठलं हे आधी ओळखावं लागतं. हे ओळखणं म्हणजे पारख. इथे 'निवड' म्हणून भागत नाही. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड काढले, पण निवडीत न आलेले कागद रुमालात बांधलेलेच राहिले. पारखीत जे नापास होतं ते कायमचं जातं.

संगणक करतो ती छाननी. बिटक्युरेटरसारखी साधनं डिस्कमध्ये दडलेले फोन नंबर आणि ईमेल पत्ते हुडकून देतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आलेलं ईपॅड हे सॉफ्टवेअर हजारो ईमेलांतली माणसांची नावं वेगळी काढतं. चेकसमवरून, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेवरून, तंतोतंत सारख्या फायली क्षणात सापडतात. मात्र 'अंतिम', 'अंतिम 2' आणि 'अंतिम साहेबांनी पाहिलेली' या तीन फायलींत एका स्वल्पविरामाचा जरी फरक असला, तरी चेकसमच्या लेखी त्या तीन वेगळ्या. उलट एकच आदेश जोडलेली दोन ईमेलं घ्या. जोडपत्र हुबेहूब तेच, पण तो कुणाला कधी पोचला याचा पुरावा त्या दुसऱ्या ईमेलातच असू शकतो. ती 'नक्कल' उडवायची का, हे चाळणीला कसं कळणार?

शिवाय आपली एक खास अडचण. युनिकोडच्या आधी श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फायली यंत्राला रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतात. तिथे 'भूसंपादन' शोधाल तर शून्य निकाल, आणि कपाटभर प्रकरणं 'बिनकामाची' ठरायची! आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग चाळा.

तेव्हा टिपणीत 'संगणकाच्या साहाय्याने इ-अभिलेखांची छाननी व पारख' असं लिहा. 'पारख' साहेबांना घरगुती वाटली तर 'मूल्यनिर्धारण' चालेल. 'स्वयंचलित' मात्र खोडाच.