व्यसनोपचाराकडे वळणाऱ्या नव्या फिजिशियनसाठी
मेडिसिनच्या वॉर्डातून व्यसनोपचाराकडे वळताय, उत्तम निर्णय. सगळी औषधं पाठ करायची घाई नको. आधी दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, दारू. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला 'शेवटची कधी घेतली?' हे विचाराच. शेवटच्या घोटानंतर फिट साधारण ६ ते ४८ तासांत येते, डिलिरियम ट्रेमेन्स (दारू थांबल्यावर होणारा धोकादायक भ्रम) ४८ ते ९६ तासांत. नवखे इथेच फसतात: तिसऱ्या दिवशी बरळणारा रुग्ण त्यांना नुसता त्रासदायक वाटतो. थायमिनशिवाय (व्हिटॅमिन बी१) ग्लुकोज चालू करणं ही दुसरी नेहमीची चूक. साखर खरोखर उतरली असेल तर मात्र ग्लुकोज अडवू नका, दोन्ही सोबत द्या. दारू थांबल्यावरचा त्रास आवरायला लिव्हर खराब असेल तर डायझेपामपेक्षा लोराझेपाम बरं.

दुसरी, ओपिऑइड (हेरॉइन, मॉर्फिनसारखे पदार्थ). ब्युप्रेनॉर्फिनचा (या व्यसनावरचं औषध) पहिला डोस विथड्रॉवलची (नशा थांबल्यावर होणारा त्रास) लक्षणं स्पष्ट दिसल्यावरच. हेरॉइननंतर किमान १२ तास थांबा. नाहीतर औषधानेच विथड्रॉवल उसळतो आणि रुग्णाचा विश्वास पहिल्याच दिवशी जातो. मेथाडोन या दुसऱ्या औषधावरून ब्युप्रेनॉर्फिनवर बदल करणं सध्या वरिष्ठांकडे राहू द्या.

नुसता डिटॉक्स म्हणजे उपचार नव्हे. डिस्चार्जच्या वेळी चालू औषध, पुढची तारीख आणि नॅलॉक्सोन (ओपिऑइडच्या ओव्हरडोसवरचा उतारा) रुग्णाच्या हातात हवं. ओपिऑइड बंद राहिलं की टॉलरन्स (डोस सहन करण्याची शरीराची सवय) उतरतो, मग जुनाच डोस जिवावर बेततो.

आणि केसपेपरवर 'व्यसनी' लिहू नका, निदान लिहा.