आहे तीच विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये: मूळ डिस्क द्यावी की तिची प्रत?

वागळे इस्टेटमधील तुमच्या वर्कशॉपच्या संगणकावर उबुंटू (लिनक्स) आणि विंडोज १० अशा दोन्ही प्रणाली आहेत, आणि बिले करण्यासाठी दर वेळी रीस्टार्ट न करता तीच विंडोज उबुंटूच्या आत उघडता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. येईल. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या डिस्ककडे निर्देश करणारी छोटी व्हीएमडीके फाइल बनवता येते. तरीही ज्या डिस्कवर धंद्याचे हिशेब आहेत ती या कामाला देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

विंडोजच्या एनटीएफएससारखी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एका वेळी एकाच ऑपरेटिंग सिस्टिमने वापरायची, हे गृहीत धरून रचलेली असते. उबुंटूमध्ये विंडोजचे पार्टिशन (डिस्कवरचा तिचा भाग) एका क्लिकवर माउंट होते, म्हणजे वापरासाठी उघडते; त्याच वेळी व्हर्च्युअल मशीनमधली विंडोजही त्यावर लिहीत असेल, तर एकीने केलेले बदल दुसरीला कळत नाहीत आणि पार्टिशन बिघडते. संपूर्ण डिस्क दिली असेल आणि बूट मेनूमध्ये चुकून उबुंटू निवडले गेले, तर बाहेर चालू असलेले उबुंटूच आत दुसऱ्यांदा सुरू होते, आणि त्यातून दोन्ही प्रणाली गमावण्याची वेळ येते.

म्हणून प्रत घ्या. विंडोज नेहमीप्रमाणे सुरू करून मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील डिस्क-टू-व्हीएचडी हे मोफत साधन चालवा; ते चालू विंडोजचीच प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते. सी ड्राइव्हबरोबर बूटचे छोटे पार्टिशनही निवडा आणि व्हीएचडीएक्सची खूण काढून साधी व्हीएचडी (व्हर्च्युअल डिस्कची फाइल) घ्या. मग ती व्हर्च्युअलबॉक्समधल्या नव्या व्हर्च्युअल मशीनला डिस्क म्हणून जोडा. मूळ विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने बसवलेली असेल, तर व्हर्च्युअल मशीनमध्येही ईएफआय चालू करावे लागते. डिस्क जोडण्यासाठी साटा कंट्रोलरचा पर्याय ठेवा. व्हर्टआयओ हा दुसरा पर्याय वेगवान असला तरी त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून नसतो, त्यामुळे सुरुवातीलाच विंडोज बंद पडून निळा पडदा येतो.

गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला, मदरबोर्ड वेगळा दिसत असल्याने विंडोजचे अ‍ॅक्टिव्हेशन जाऊ शकते. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो, त्यामुळे वेगळा परवाना लागेल असे धरून चाला. बिलिंग सॉफ्टवेअरचा परवानाही यंत्राशी बांधलेला आहे का, हे विक्रेत्याला आधीच विचारा. परवान्यासाठी यूएसबी डोंगल (संगणकाला लावायची छोटी किल्ली) असेल तर तो गेस्टकडे सोपवता येतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रतीत पहिले बिल केल्यापासून जुन्या विंडोजमध्ये एकही नोंद करू नका. जीएसटीच्या नियमानुसार आर्थिक वर्षात बिलाचा क्रमांक पुन्हा येता कामा नये, आणि दोन्हीकडे नोंदी सुरू राहिल्या तर तेच क्रमांक दोनदा पडतील. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (नेहमीची सुरक्षा अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असल्याने, बिलिंगला इंटरनेट लागत नसेल तर व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क बंदच ठेवा.