साडेतीन वर्षांच्या मुलाला घर, नातेवाईक आणि रोजच्या जागा दाखवणारी मराठी चित्रपुस्तकं कोणती घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकमध्येच राहता, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, आणि पुस्तकातलं घर त्याला आपलं वाटत नाही म्हणून दोन पानांत तो उठून जातो. मी बालशिक्षणातला माणूस नाही. अंबडला एका ऑफसेट छापखान्यात 16 वर्षं काढलीत आणि घरी आता 7 वर्षांची झालेली मुलगी आहे. तेव्हा हे उत्तर अर्धं बापाचं, अर्धं छापखान्यातलं.

पहिलं पुस्तक आम्हीही तसलंच आणलं होतं. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे, 'माझं कुटुंब' छापाचं, इंग्रजीवरून केलेलं. घराला धुराडं, अंगणात बर्फ, आणि 'अंकल'चा 'काका' करून टाकलेला. मुलीनं त्या काकावर बोट ठेवून विचारलं, "हा आईचा भाऊ का तुझा?" मला सांगता येईना, कारण चित्र काढणाऱ्यानं तो कुणाचाच भाऊ म्हणून काढलेला नव्हता. इंग्रजीत एका शब्दावर भागतं. आपल्याकडे आईचा भाऊ मामा, बाबांचा भाऊ काका, मावशीचे यजमान पुन्हा काका, आणि आत्याच्या यजमानांना काय म्हणायचं ते घराघरावर. प्रत्येकाची घरात यायची तऱ्हा वेगळी. मामा आला की आई हसते कशी, ओट्याला टेकून बोलत बसते कशी, हे चित्रात दिसलं तर तो मामा. नाहीतर नुसता मिशीवाला माणूस.

दुसरी भानगड क्रियापदांची. 'आजी आली' पण 'आजोबा आले', हे मुलांच्या कानात फार लवकर बसतं. माझी मुलगी मला 'ए बाबा' म्हणते, मी मात्र माझ्या वडिलांशी आजही अहो-जाहो बोलतो. पुस्तकात 'बाबा बाजारातून आले' असं वाचलं की ती मला थांबवायची, "आला!" मग मी तसंच वाचायला लागलो. तिचे आईकडचे आजोबा निफाडचे, त्यांना घरात सगळे नाना म्हणतात, म्हणून पुस्तकातले आजोबाही नाना झाले. तुम्हीही बेलाशक बदला. छापलंय तसंच वाचलं पाहिजे असं काही नसतं, आणि हे छापणाराच सांगतोय. आजीचं मात्र काही जमलं नाही. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तीच अंबाडा, चष्मा, नऊवारीवाली आजी. आमची आजी पंजाबी ड्रेस घालते आणि स्कूटीवरून भाजी आणते. मुलीनं निकाल दिला: "ही आजी नाही, ही गोष्टीतली आजी."

आता नावं. पहिलं सांगेन माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर', ज्योत्स्ना प्रकाशनाचं. घरातली माणसं हाच विषय, आणि लिहिणारा हात नि चित्र काढणारा हात एकच असल्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांची री ओढत बसत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत मराठी पुस्तकं आहेत, स्वस्त असतात, पण हातात घेऊन चाळल्याशिवाय घेऊ नका, डावं-उजवं भरपूर आहे. तिसरं फुकट: प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ, 2015 पासून चालू आहे. मराठी भाषा निवडायची, वाचनाची पहिली पातळी निवडायची. अनुवाद तिथेही आहेत, पण पुष्कळ चित्रं भारतातल्या चित्रकारांची असल्यामुळे स्वयंपाकघरात कुकर दिसतो, दारात चपलांचा ढीग दिसतो. मुक्त परवाना असल्यामुळे उतरवून घरी छापलं तरी चालतं.

यादीपेक्षा निवडता येणं जास्त उपयोगी पडेल. दुकानात उभ्या उभ्या मजकुरावर तळहात ठेवा आणि नुसती चित्रं बघत पुस्तक उलटा. 'आई मटार सोलते' असं लिहिलंय आणि चित्रातही आई फक्त मटार सोलतेय, तर ते पुस्तक एका वाचनात संपलं. पण त्याच चित्रात टेबलाखाली बाळ शेंगा पळवतंय आणि मजकुरात त्याचा चकार शब्द नाही, तर मुलगा महिनाभर त्या बाळाला शोधत बसेल, आणि ते त्याला दिसलंय, तुम्हाला दिसलं नाही, या आनंदात पुस्तक पुन्हा पुन्हा आणून देईल. या वयात वाचणारे तुम्ही नसता, तोच असतो. तुम्ही फक्त अक्षरांचं काम करता. म्हणून पान उलटायचा हक्क त्याला द्या. एका पानावर पाच मिनिटं गेली तर जाऊ द्यात.

मग मधलं जोडपान उघडा. चित्रकार संगणकावर दोन्ही पानं सलग बघतो, पण बाइंडिंग मधला भाग गिळतं, आणि तिथे नेमका कुणाचा तरी चेहरा असतो. मधोमध पिन मारलेलं पुस्तक सपाट उघडतं, डिंकानं चिकटवलेल्या पाठीचं उघडत नाही. ते जोर लावून उघडलं की दुसऱ्या दिवशी पानं हातात. पान उजेडासमोर धरा. मागचं चित्र आरपार दिसत असेल तर लहान मुलांचा गोंधळ होतो, आमच्या मुलीला एका झाडात मागच्या पानावरचा कुत्रा दिसायचा. पिनांची टोकं बोट फिरवून तपासा.

आणि एक गुपित सांगतो. ही पुस्तकं 16, 24 किंवा 32 पानांची का असतात? गोष्टीला तेवढी पानं लागतात म्हणून नव्हे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की त्याची 8 किंवा 16 पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. गोष्ट तेरा पानांत संपली तरी फर्मा भरायचा असतो. त्यामुळे मधली दोन पानं पाणी घातल्यासारखी वाटली तर खुशाल गाळा.

विकत सगळं घेऊ नका. टिळकपथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं आहे, सभासद व्हा आणि मुलाला बरोबर न्या. पुस्तक त्यालाच निवडू द्या, चुकलं तर परत करता येतं.

राहिल्या रोजच्या जागा. बाजार, दवाखाना, बसथांबा यांची पुस्तकं मिळतात, पण तो बाजार कुठलाच नसतो. तिथे आम्ही हात टेकले आणि घरीच पुस्तक केलं. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं, दोन कागद एकात एक घातले की आठ. पिन नको, घडीवर तीन भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवा. आमचं पहिलं पुस्तक गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजाराचं. मी भाज्या काढायच्या ठरवून बसलो होतो. मुलीनं सांगितलं ते वेगळंच: ताडपत्री बांधलेली दोरी, तागडीच्या खाली घातलेली वीट, भाजीवाल्या मावशींचा उघडा डबा आणि त्यातली लाल चटणी. तीन फुटांच्या उंचीवरून बाजार असा दिसतो. दुसरं पुस्तक सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बसचं केलं. त्यात चार पानं नुसते लोकांचे गुडघे आणि पिशव्या आहेत. चित्र येत नसेल तर फोटो काढून चिकटवा, पण कॅमेरा त्याच्या उंचीवर धरा.

तिसरं पुस्तक गंगेच्या पुराचं, ते सबंध तिनंच केलं. पाऊस झाला की आपल्याकडे घराघरात विचारतात ना, नदीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं, गुडघ्याला की कमरेला? तेच. मारुतीला पुढे एक तोंड आणि मागे एक, हे एका चित्रात कसं दाखवायचं म्हणून मी डोकं खाजवत होतो. जोडपानावर दोन बाजूंना दोन तोंडं काढू, असं सुचवलं. तिनं ऐकलं नाही. पाचव्या पानावर पुढचं तोंड काढलं, पान उलटलं आणि त्याच जागी मागे सहाव्यावर दुसरं. बाहेरच्या रेषा जुळाव्यात म्हणून कागद खिडकीच्या काचेला लावून गिरवलं. आरपार दिसणारा पातळ कागदच हवा, जाड नको, असं मला बजावलं.