युरेनियम मोजायला बसताय? आधी ब्लँक (कोरा नमुना) सांभाळा

यंत्र कोणतं घ्यावं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. नवख्यांचे आकडे चुकतात ते बहुतेक वेळा बाटलीमुळे आणि आम्लामुळे. लिटरमागे १ मायक्रोग्रॅम युरेनियम असलेल्या पाण्यात युरेनियम-२३४ (युरेनियमचा एक दुर्मीळ समस्थानिक) भरतं साधारण ५५ पिकोग्रॅम. एवढ्याशा ऐवजाला आम्लातली किंचित अशुद्धीही भारी पडते.

म्हणून आत्ता एवढंच पाळा:

- नमुना आधी गाळा, मग शुद्ध नायट्रिक आम्लानं पीएच २च्या खाली आणा. क्रम उलटा झाला तर गाळाच्या कणांना चिकटलेलं युरेनियमही पाण्यात उतरतं. बाटली प्लॅस्टिकची, आम्लात भिजवून धुतलेली.
- प्रत्येक खेपेला ब्लँक, म्हणजे शुद्ध पाण्याचा कोरा नमुना. तीच बाटली, तेच आम्ल, तेच फिल्टर, सगळ्यातून गेलेला. नुसतं शुद्ध पाणी यंत्राला पाजलं म्हणजे ब्लँक झाला असं नाही. ही चूक फार जण करतात.
- अल्फा स्पेक्ट्रोमेट्री (अल्फा कणांच्या ऊर्जेवरून समस्थानिक मोजणं) करणार असाल तर युरेनियम-२३२चा ट्रेसर, म्हणजे खुणेसाठी मोजून घातलेली मात्रा, युरेनियमच्या रासायनिक विलगीकरणाच्या आधीच घाला. नंतर घातलात तर वाटेत किती गळालं ते कळायला मार्ग नाही.

आणि हो, युरेनियम-२३४ आणि २३८ची किरणोत्सारी सक्रियता सारखी आली नाही म्हणून घाबरू नका. भूजलात २३४ची बऱ्याचदा खरोखरच जास्त असते. २३८ आणि २३५च्या अणुसंख्येचं गुणोत्तर मात्र नैसर्गिक पाण्यात १३८च्या आसपासच यायला हवं. फारच वेगळं आलं तर आधी स्वतःच्या मोजमापावर संशय घ्या. मास बायस, हायड्राइड वगैरे मास स्पेक्ट्रोमीटरच्या मोजणीतल्या भानगडी नंतर बघू. आधी ब्लँक सलग स्थिर येऊ द्या.