रेडवॉल या मठात राहणाऱ्या उंदीर-प्राण्यांच्या गोष्टीच्या पुस्तकाची कार्टून सिरीजही आहे, मग मुलाला आधी पुस्तक वाचून दाखवू की सिरीज लावून देऊ?

आधी पुस्तक, आणि तेही मोठ्याने वाचूनच. ब्रायन जेक्सने ही गोष्ट मुळात लिव्हरपूलच्या अंध मुलांच्या शाळेत ऐकवायला लिहिली होती, म्हणून तर त्यात वास, चव, आवाज असं सगळं ठासून भरलंय, मठातली मेजवानी वाचायला घेतली की आमची लेक हमखास काहीतरी खायला मागते. स्क्रीनवर तीच मेजवानी दोन-चार शॉटमध्ये उरकते.

पण सिरीज वाईट नाहीये हां! 1999 ची, कॅनडाच्या नेल्वाना या कार्टून कंपनीची, आणि त्यांनी एक फार चांगलं केलं, पहिल्या सीझनचे 13 भाग एकाच पुस्तकाला दिले, त्यामुळे मथायस उंदराला मोठं व्हायला वेळ मिळतो आणि क्लूनी घूस खरंच भीतीदायक वाटतो. सिनेमात हे कोंबलं असतं.

बाकी त्यातले चिचुंदरीसारखे मोल गावरान इंग्रजी बोलतात, ते मी वाचताना आगरीत बोलते. आम्ही नेरूळचे, पोरांना तो सूर रोज कानावर पडतो, लगेच जीव जडतो त्या मोल्सवर. तुम्ही तुमच्याकडची बोली वापरा.