मधल्या सुट्टीत पळायचं नाही?

शाळांनी पळापळीच्या खेळांवर घातलेल्या बंदीबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. पकडापकडी खेळताना दोन मुलं आदळली, एकाचा पुढचा दात पडला. तेव्हापासून मैदानात पळायलाच बंदी आहे. मुलं डबा खातात आणि छपराखाली बसून राहतात. बंदी पटत नाही, पण दात पडला हेही खरंच. शाळेशी काय बोलू?

आधी एवढंच विचारा : मुलं नेमकी कुठे आदळली आणि तेव्हा मैदानात कोणकोणते वर्ग होते? टक्कर बहुधा जिन्याच्या तोंडाशी, पाण्याच्या नळाजवळ, भिंतीच्या वळणावर होते, जिथे समोरून येणारा दिसतच नाही. नाहीतर सगळे वर्ग एकदम सुटलेले असतात. पहिलीतल्या मुलाचं तोंड साधारण सातवीतल्या मुलाच्या कोपराच्या उंचीला येतं. तो कोपर पळताना हलला की दात गेलाच. लहान-मोठ्यांची सुट्टी वीस मिनिटं मागेपुढे केली आणि नळाभोवती 'इथे पळायचं नाही' अशी चुन्याची रेघ ओढली, तर निम्मं काम होतं. बंदीला काहीच कष्ट पडत नाहीत, म्हणून ती आधी सुचते.

दुसरी बाजूही शाळेपुढे मांडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी अंग हलवायला हवं, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस दमवणारी हालचाल व्हायला हवी. आठवड्याला एक-दोन पीटीचे तास देऊन हा हिशेब जुळत नाही. मुलं छपराखाली बसतात, हे तर डोळ्यांसाठीही वाईट. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्तीची उघड्यावर घालवायला लावली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं. इतर शाळांत हेच प्रमाण 39.5 टक्के होतं.

आणि हो, कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, दुधात टाकायचा आणि मुलासह ताबडतोब दंतवैद्याकडे न्यायचा. अनेकदा तो परत बसवता येतो. हे शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवं.

प्रश्न : मी मुख्याध्यापिका आहे. एक मूल चढायच्या शिडीवरून पडलं आणि पालक कोर्टात जायची भाषा करू लागले. शिडी काढून टाकणंच शहाणपणाचं नाही का?

तुमची भीती कळते. पण शिडी काढण्याआधी तिच्याखाली काय आहे ते बघा. उंची, वेग, झोका या गोष्टी मुलाला दिसतात. बहुतेक मुलं त्या जोखतात आणि झेपेल तेवढंच चढतात. खालचं काँक्रीट, गंजलेला सांधा, बाहेर आलेला बोल्ट यांतलं काहीच मूल जोखू शकत नाही. ते बघणं सर्वस्वी मोठ्यांचं काम. गंमत अशी की शाळा मुलांच्या चढण्यावर बंदी घालतात आणि बोल्ट तसाच राहतो.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांसाठी मार्गदर्शिका आहे. टेप घेऊन तिच्यातलं काही स्वतः मोजा. साधनाखाली लाकडाचे तुकडे पसरले असतील तर दबल्यानंतरही त्यांचा थर 9 इंच हवा. चहूबाजूंनी 6 फूट जागा मोकळी हवी. कठड्याच्या किंवा पायऱ्यांच्या फटी साडेतीन ते 9 इंचांच्या नकोत, कारण अशा फटीतून लहान मुलाचं धड सरकतं आणि डोकं अडकतं. मुलांच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरीही चढण्याआधी काढायला लावा. ती कशात अडकली तर गळफास बसतो. इतकी धोकादायक वस्तू आपणच मुलांच्या गळ्यात घालतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा, तेव्हा वकिलाला विचाराच. पण कागद तयार ठेवा : साधन कोणतं, त्याचा मुलांना उपयोग काय, काय इजा होऊ शकते, ती टाळायला काय केलं, तपासणी कधी झाली. ब्रिटनमधल्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेनेही 2012 मध्ये स्पष्ट केलं की, खेळातला धोका शून्यावर आणणं हे उद्दिष्टच नाही. इजांच्या नोंदवहीत 'कुठे' असा रकाना घाला. काही महिन्यांत एखादी जागा पुन्हा पुन्हा दिसू लागेल.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या स्वान्सन प्राथमिक शाळेने विद्यापीठाच्या एका संशोधनात भाग घेताना सुट्टीतले बरेचसे नियमच काढून टाकले. मुलं झाडांवर चढू लागली, स्केटबोर्ड चालवू लागली. इजा आणि दादागिरी दोन्ही कमी झाली, असं शाळेने सांगितलं. एका शाळेवरून सगळ्यांसाठी नियम काढू नये, पण 'मोकळीक दिली की हाडं मोडणारच' हेही गृहीत धरू नका.

प्रश्न : थोरल्याला शाळेतून आणायला जाते तेव्हा दीड वर्षाच्या धाकटीला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येते. तेवढं तरी सुरक्षित ना?

नाही. बाळाचा पाय कडेला अडकतो, तुमच्या वजनाने दोघी पुढे सरकता आणि नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरणारं मूल पाय अडकला तर बहुधा तिथेच थांबतं. तिला बुटक्या घसरगुंडीवर एकटीला सोडा आणि बाजूला उभ्या राहा.

प्रश्न : मुलगे एकमेकांना ओढतात, गवतावर लोळतात. बाई म्हणतात मारामारी, मुलगा म्हणतो खेळ. खरं काय मानू?

चेहरे बघा. खेळात हसू असतं, मुठी आवळलेल्या नसतात, वर कोण आणि खाली कोण हे बदलत राहतं, आणि संपल्यावर सगळे मिळून दुसरीकडे पळतात. भांडणात एकच जण सारखा खाली असतो, आणि सुटला की लांब जातो. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार सांगितले, त्यांत ही झोंबाझोंबीही आहे. नियम एकच पुरे : कुणी 'थांब' म्हटलं की हात सोडायचा. हे मुलींनाही लागू. त्याही झोंबतात, फक्त त्यांना लवकर ओरडा बसतो.

प्रश्न : गृहपाठ केला नाही म्हणून मुलीची मधली सुट्टी बंद केली. योग्य आहे का?

मुळीच नाही. शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्येच म्हटलं आहे. बाईंना गृहपाठासाठी दुसरी वेळ मागा.

प्रश्न : मी शिक्षक आहे. मूल डोक्यावर पडतं, दोन मिनिटांत उठतं आणि परत खेळायला पळतं. जाऊ द्यायचं का?

डोक्याला जोरात लागलं असेल, किंवा मूल क्षणभर जरी भांबावलं असेल, तर त्या दिवसाचा खेळ संपला, ते कितीही 'मी बरा आहे' म्हणो. घरी कळवा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, झटका किंवा शुद्ध हरपणं यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात न्या. अशा मुलाला रात्री झोपूच द्यायचं नाही, असं पालक हमखास सांगतात. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर खुशाल झोपू द्या.