वीजनिर्मिती केंद्रात कुशल कारागीर म्हणून जायचे असेल, तर कोणते शब्द आधी समजून घ्यावेत आणि कोणता ट्रेड निवडावा?

तुम्ही लिहिले आहे की, यांत्रिकी कामाचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण झाले आहे आणि वीजनिर्मिती केंद्रात नोकरी करण्याची इच्छा आहे. परंतु जाहिरातींत आणि मुलाखतींत येणारे भारांक, हीट रेट, फोर्स्ड आउटेज, सिंक्रोनायझेशन, परमिट हे शब्द नीट उमगत नाहीत, आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन व इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन यांपैकी कोणती वाट धरावी हेही ठरत नाही. मी टर्बाइन विभागात फिटर म्हणून कामाला लागलो, अनेक वर्षे देखभालीत काढली आणि पुढे संचालनाची पाळीही सांभाळली. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, तुमचे हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. केंद्रातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे कुणा ना कुणा कारागिराचे काम असते. ते काम कोणाचे हे कळले की शब्द लक्षात राहतो आणि त्यांतले कोणते काम आपल्याला जमेल याचाही अंदाज येऊ लागतो.

मेगावॉटपासून सुरुवात करू, कारण नवख्या माणसाचा सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. एखाद्या क्षणी वीज किती वेगाने तयार होत आहे ते मेगावॉट सांगतो. एकूण किती वीज तयार झाली ते युनिटमध्ये, म्हणजे किलोवॉट-तासांत मोजतात. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने एक तास चालला, तर पाच लाख युनिट वीज तयार होते. (टर्बाइन आणि त्याला जोडलेले जनित्र मिळून होणाऱ्या घटकाला संच म्हणतात, बोलताना त्यालाही ‘युनिट’च म्हटले जाते, म्हणून संदर्भ पाहावा लागतो.) संच सतत पूर्ण क्षमतेने चालला असता तर जेवढी वीज झाली असती, तिच्या तुलनेत प्रत्यक्ष झालेल्या विजेचे शेकडा प्रमाण म्हणजे भारांक. मात्र भारांक कमी दिसला म्हणून देखभाल वाईट होती असा निष्कर्ष काढू नका. मागणी नसल्यामुळे भार उतरवला, तरी भारांक घसरतो. मागणी येताच संच चालवता येईल अशा स्थितीत किती काळ होता, ते ‘उपलब्धता’ या आकड्यावरून कळते आणि देखभालीच्या माणसाची खरी कसोटी त्या आकड्यात असते. मी मुलाखत घ्यायला बसत असे तेव्हा हा फरक आवर्जून विचारत असे.

दुसरा शब्द वारंवारता, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तने पूर्ण करतो ते. ज्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, ती ५० हर्ट्झ असते, तिथे दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला बरोबर ३००० फेरे घेते. ६० हर्ट्झच्या जाळ्यात ३६००. जलविद्युत केंद्रातले टर्बाइन बरेच सावकाश फिरते, म्हणून तिथल्या जनित्राला ध्रुव जास्त असतात; ४० ध्रुव असतील तर ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५० फेरे पुरतात. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की जाळ्याला जोडलेली सगळी यंत्रे किंचित मंदावतात आणि मागणी घटली की किंचित वेग घेतात. वारंवारता म्हणजे त्या सर्व यंत्रांची एकत्रित नाडीच होय. नवा संच या जाळ्याला जोडण्याच्या क्रियेला सिंक्रोनायझेशन म्हणतात. त्याआधी फेजचा क्रम जुळलेला असावा लागतो. व्होल्टेज, वारंवारता आणि फेजचा कोन जुळवावा लागतो. नियंत्रण कक्षातल्या सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश फिरत असावा, म्हणजे आपले यंत्र जाळ्यापेक्षा केसभर वेगवान आहे असे समजावे, आणि काटा बाराच्या ठिकाणी पोहोचण्याच्या जरासा आधी ब्रेकर (संच जाळ्याला जोडणारा मोठा स्विच) मिटवण्याचा, म्हणजे जोडण्याचा, आदेश द्यावा, कारण ब्रेकरलाही मिटायला काही क्षण लागतात. आज हे काम बहुधा स्वयंचलित यंत्रणा करते. तरीही प्रत्येक संचालकाने ते हाताने करायला शिकावे असे मला मनापासून वाटते. चुकीच्या कोनात ब्रेकर मिटला, तर जो धक्का बसतो तो शाफ्ट, कपलिंग आणि जनित्राची वाइंडिंग या सर्वांना सोसावा लागतो.

‘ट्रिप’, ‘शटडाउन’ आणि ‘आउटेज’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण ते एक नाहीत. संरक्षण यंत्रणेने स्वतःहून संच बंद पाडला, तर तो ट्रिप. आपण ठरवून, भार उतरवत बंद केला, तर तो शटडाउन. संच निर्मितीला उपलब्ध नसण्याच्या काळाला आउटेज म्हणतात. आधी ठरलेला असेल तर प्लॅन्ड आणि बिघाडामुळे लादला गेला असेल तर फोर्स्ड. ट्रिप झाल्यावर वाफेचे व्हॉल्व्ह क्षणार्धात बंद व्हावे लागतात, नाहीतर भार सुटलेले यंत्र बेफाम वेग घेते. म्हणून ३००० फेऱ्यांच्या यंत्राला साधारण ३३०० फेऱ्यांवर तोडणारी ओव्हरस्पीड ट्रिपची वेगळी व्यवस्था असते. त्यानंतरचे काम टर्बाइनच्या माणसांचे. तापलेला रोटर (यंत्राचा फिरणारा भाग) स्थिर राहिला तर वरची बाजू गरम आणि खालची त्यामानाने थंड होऊन तो वाकतो, म्हणून बॅरिंग गिअर लावून तो निवेपर्यंत तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवावा लागतो.

जाळेच कोसळले तर काय होते, याचे उदाहरण १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातील ऑन्टारिओत दिसले. त्या दिवशी २६५ केंद्रांतील ५०८ संच बंद पडले आणि सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. मोठ्या औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे चालवायलाच वीज लागते. त्याला सहायक वापर म्हणतात. त्यामुळे बाहेरून वीज मिळाल्याशिवाय ते पुन्हा उभे राहू शकत नाही. बाहेरची वीज नसताना स्वतःच्या बळावर सुरू होण्याच्या क्षमतेला ब्लॅक स्टार्ट म्हणतात आणि ती बहुधा जलविद्युत केंद्रांकडे, डिझेल जनित्रांकडे किंवा लहान गॅस टर्बाइनकडे असते.

हीट रेट म्हणजे एक युनिट वीज तयार करायला किती उष्णता खर्ची पडली. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी; म्हणून हीट रेट २१५० असेल, तर कार्यक्षमता ४० टक्के निघते. हा इंजिनीअरच्या वहीतला आकडा वाटतो, पण तो घडतो कारागिराच्या हातून. कंडेन्सरच्या (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागाच्या) जोडातून शिरणारी हवा, नीट न बसलेला ड्रेन व्हॉल्व्ह, एखाद्या नळीवरून निघालेले इन्सुलेशन, टर्बाइनच्या सीलमधली वाढलेली फट, यांपैकी प्रत्येक गोष्ट तो आकडा थोडा थोडा वर नेते.

आता ट्रेडबद्दल. फिटरचे काम मला सर्वांत जवळचे, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहितो. फिटर म्हणजे पाना फिरवणारा माणूस, हा समज केंद्रात पहिल्याच ओव्हरहॉलमध्ये गळून पडतो. टर्बाइनच्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, मोठे स्टड (आटे असलेले जाड दांडे) नुसत्या जोराने आवळता येत नाहीत. स्टडच्या पोकळ गाभ्यात हीटर सोडतात, स्टड तापून लांबतो, मग नट ठरलेल्या अंशांइतका फिरवतात. स्टड निवताना आखडतो आणि केसिंगचे दोन्ही भाग घट्ट धरून ठेवतो. शेवटी स्टड किती ताणला गेला ते मोजून नोंदवायचे. अलाइनमेंटमध्ये, म्हणजे शाफ्ट एका रेषेत आणताना, डायल गेजचा काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात वाचायचा आणि बेअरिंगखालची शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, त्या वाचनावरून बदलायची. इथे घाई करणाऱ्याला काम करता येत नाही आणि अंदाजाने वाचन लिहिणाऱ्याला काम करू देऊ नये.

नोंदीबद्दल मी इतका आग्रही का, ते सांगतो. १७ ऑगस्ट २००९ रोजी रशियातील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात दुसऱ्या क्रमांकाच्या संचाचे आवरण पाण्याच्या दाबाने उचलले गेले, रोटर वर फेकला गेला, यंत्रघरात पाणी घुसले आणि ७५ माणसे मृत्युमुखी पडली. ते आवरण धरून ठेवणाऱ्या स्टडना धातूच्या थकव्यामुळे तडे गेलेले होते आणि काही स्टडवर नटच नसावेत असे तपासात दिसून आले. त्या यंत्राची कंपनेही आधीपासून वाढलेली होती. ६४० मेगावॉटचा संच अखेर कशावर उभा असतो, ते यातून कळते. एखाद्या फिटरने स्टडवर हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकणे किंवा तड्यासाठी अल्ट्रासॉनिक तपासणी मागणे, हे किरकोळ काम नाही. कंपनाचा आलेख वर जातो आहे असे दिसताच ते बोलून दाखवणारा माणूस केंद्राला हवा असतो.

वेल्डिंगची वाट कठीण आहे, पण ज्याचा हात स्थिर आहे त्याला मान मोठा मिळतो. औष्णिक केंद्रात सक्तीने संच बंद करावा लागण्याच्या ठळक कारणांत बॉयलर ट्यूबची गळती येते. बॉयलर निवला की वेल्डर आत जातो. दोन नळ्यांमधल्या फटीत जेमतेम बोटे जातात, जोडाची मागची बाजू डोळ्यांना दिसतच नाही. मग मागे छोटा आरसा धरून, आरशात उलट्या दिसणाऱ्या ज्योतीकडे पाहत टिग या वेल्डिंग पद्धतीची पहिली रन (वेल्डचा पहिला थर) ओढावी लागते. त्यानंतर जोडाचा एक्स-रे काढला जातो आणि त्यात सच्छिद्रता किंवा अपुरा वितळलेला भाग आढळला, तर जोड कापून पुन्हा करावा लागतो. मिश्र पोलादाच्या नळीला वेल्डिंगआधी तापवणे आणि नंतर ठरलेल्या तापमानाला धरून ठेवणे हेही कामाचाच भाग आहे. तुम्हाला हा मार्ग घ्यायचा असेल, तर झुकत्या स्थिर पाइपवर सर्व बाजूंनी वेल्ड करण्याची, ६-जी म्हणून ओळखली जाणारी चाचणी उत्तीर्ण होण्याचे लक्ष्य ठेवा.

इलेक्ट्रिशियनचे क्षेत्र मोटर, ब्रेकर, रोहित्र, बॅटरी आणि संरक्षक रिले असे पसरलेले असते. इन्स्ट्रुमेंटच्या माणसाचे काम हातांपेक्षा डोक्याने अधिक करायचे असते. महत्त्वाच्या ठिकाणी एकाच गोष्टीचे मोजमाप तीन ट्रान्समीटर करतात आणि तिघांपैकी दोघांनी धोका दाखवला तरच ट्रिप होतो. समजा एक ट्रान्समीटर आधीच बिघडून धोका दाखवतो आहे आणि तुम्ही दुरुस्तीसाठी चुकून दुसऱ्याचीच वायर काढली, तर यंत्रात कोणताही दोष नसताना संच बंद पडतो. ड्रॉइंग वाचण्याची आवड आणि हात लावण्याआधी दोनदा खात्री करण्याची सवय असेल, तर हे काम घ्या. पवनऊर्जा, सौरऊर्जा आणि बॅटरी साठवण या क्षेत्रांतही या दोन ट्रेडच्या माणसांची गरज पडते. पवनचक्कीत त्याच्या जोडीला उंचीवर काम करण्याची तयारी लागते.

तुम्ही कोणताही ट्रेड घेतला, तरी एक शब्द इतर सर्वांच्या आधी शिकावा असे मी कळकळीने सांगेन, आणि तो म्हणजे आयसोलेशन. ज्या यंत्रावर काम करायचे त्याला येणारी वीज, वाफ, पाणी, तेल, हवा, सर्व काही तोडणे, तिथे कुलूप आणि पाटी लावणे आणि मगच परमिट, म्हणजे काम सुरू करण्याची लेखी परवानगी, देणे-घेणे, असा तो क्रम आहे. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. विजेच्या बाबतीत टेस्टर आधी चालू सर्किटवर तपासायचा, मग बंद केलेल्या जागी वीज नाही ना ते पाहायचे, पुन्हा टेस्टर चालू सर्किटवर तपासायचा आणि त्यानंतर अर्थिंग करायचे.

मी नवा असताना एका गरम पाण्याच्या पंपाचे परमिट आमच्या हाती आले होते. सक्शन आणि डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद असल्याची नोंद त्यावर होती आणि व्हॉल्व्ह खरोखरच बंद होते. मी फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडावर, पाना लावला, तेव्हा आमच्या मिस्त्रींनी माझे मनगट धरले. त्यांनी आधी ड्रेन उघडला आणि वाट पाहिली. धार थांबेना, तासाभरानेही वाफाळते पाणी येतच राहिले. “व्हॉल्व्ह पासिंग आहे, बंद असून बसलेला नाही,” असे म्हणून त्यांनी परमिट परत केले. पुढे दुसरा व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी झाल्यावर त्यांनी मला बाजूला उभे केले आणि आपल्यापासून दूरच्या बाजूचे बोल्ट आधी किंचित सैल करायला शिकवले, म्हणजे आत काही उरले असेल तर ते अंगावर न येता पलीकडे उडते. ‘पासिंग’ हा शब्द मी त्या दिवशी शिकलो.

मुलाखतीपूर्वी तयारी करायची असेल, तर व्याख्या पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. एखाद्या औष्णिक केंद्राचे जल-वाफ चक्र कागदावर काढा. कंडेन्सरपासून निघून हीटर, फीड पंप, बॉयलर आणि टर्बाइन करत पुन्हा कंडेन्सरपर्यंत या आणि प्रत्येक ठिकाणी कोणता व्हॉल्व्ह असेल, तो कोण उघडेल आणि तो बसला नाही तर काय होईल, असे स्वतःला विचारा. नोकरी लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत हेच काम खऱ्या पाइपलाइनवर, हातात ड्रॉइंग घेऊन, शिड्या चढत-उतरत करा. आम्ही त्याला लाइन ट्रेस करणे म्हणतो. कोणत्या यंत्रापाशी तुमचे पाय आपोआप जास्त वेळ थांबतात ते तेव्हा लक्षात येईल आणि ट्रेडचा निर्णय त्यानंतर घेतला, तरी उशीर झालेला नसेल.